टेबल करवतीचे बेअरिंग वाजायला लागले? नवे बसवण्याआधी जुने का गेले ते बघा

खारेपाटण : आषाढ सरत आला की खारेपाटण, तळेरे, वैभववाडी पट्ट्यातल्या सुतारांच्या शेडमध्ये करवतीचा आवाज वाढतो. माटवीच्या पट्ट्या, मखरे, पाट, देव्हारे, शिवाय चाकरमानी गणपतीला यायच्या आधी उरकायची दारे-खिडक्या, सगळी कामे महिना-दीड महिन्यात एकावर एक येऊन पडतात. आणि नेमके याच दिवसांत मशीन बोंबलायला लागते. आधी बारीक घरघर, मग खरखर, मग कापताना लाकडाला काळे डाग पडायला लागतात. हातात काम असते, गिऱ्हाईक दारात असते, म्हणून "चलता तवसर चलांदे" म्हणत मशीन तसेच ओढले जाते.

बेअरिंग ही काही शे रुपयांची वस्तू. पण ते ज्या शाफ्टला धरून असते त्या शाफ्टवर १२ इंची पाते मिनिटाला २८०० ते २९०० फेरे घेत असते. हिशेब मांडला तर पात्याच्या दाताचा वेग सेकंदाला ४६ मीटर, म्हणजे ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास येतो. शाफ्ट ढिला झाला की हे पाते सरळ फिरत नाही, डोलते. कापलेल्या फटीच्या दोन्ही कडांना घासते, लाकूड तापते, फट चिमटल्यासारखी होते. मग पात्याच्या मागच्या बाजूने वर येणारे दात फळी उचलतात आणि थेट समोर उभ्या माणसावर फेकतात. फळी निसटली की तिला दाबणारा हात पात्याकडे जातो. करवतीवर बोट गेलेला सुतार बहुतेकांच्या ओळखीत निघेल. त्यातल्या प्रत्येक वेळी कारण बेअरिंगच असते असे नाही, पण डोलणाऱ्या पात्यावर काम करणे म्हणजे ही वेळ जवळ आणणेच.

बदलायचे काम तसे अवघड नाही. हत्यारे हाताशी असली तर दोन-तीन तासांत होते. अडचण वेगळीच आहे. बऱ्याच शेडमध्ये नवे बेअरिंग बसते आणि तीन-चार महिन्यांत तीच घरघर पुन्हा सुरू होते. मग दुकानदाराला शिव्या, कंपनीला शिव्या. खरे तर जुने बेअरिंग ज्या कारणाने गेले ते कारण तिथेच बसलेले असते आणि नव्यालाही खाते.

आवाज नक्की कुठून येतोय?

आधी हे ठरवा. घरघर म्हटली की बेअरिंग असे नाही. फाटत आलेला बेल्ट पट-पट वाजतो, ढिली पुली टक-टक करते, बोथट पाते ओरडते. शाफ्टच्या खाचेतली चावी सैल झाली तरी मशीन सुरू होताना आणि बंद होताना ठोके देते.

सोपी तपासणी म्हणजे बेल्ट उतरवायचा आणि नुसती मोटर चालवून बघायची. आवाज तसाच राहिला तर दोष मोटरच्या बेअरिंगमध्ये आहे, करवतीच्या नाही. मोटर शांत चालली तर मेन स्विच बंद करून पाते काढा आणि करवतीचा शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. चांगले बेअरिंग लोण्यासारखे फिरते. गेलेले बेअरिंग हाताला वाळूसारखे लागते, किंवा फिरता फिरता एका ठिकाणी अडते. मग शाफ्टचे टोक धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. हाताला हालचाल जाणवली तर पुढे विचार करायचे कारणच नाही.

उलटही होते. शाफ्टला एक टिचकी दिली आणि तो कोरडा आवाज करत बराच वेळ फिरत राहिला, तर "वा, किती हलका फिरतो" असे वाटते. तो हलका नाही, त्याच्यातले ग्रीस सुकले आहे. नवे रबरी सीलचे बेअरिंग हाताला थोडे जडच लागते. ते बघून दुकानात "हे जाम आहे" म्हणून परत करणारेही असतात.

गरम होण्याचा अंदाज हाताने घेता येतो. पंधरा-वीस मिनिटे काम करून मशीन पूर्ण थांबवायचे आणि बेअरिंगच्या हाऊसिंगवर हात ठेवायचा. कोमट लागणे बरोबर आहे. पाच सेकंदसुद्धा हात टिकत नसेल तर तापमान साधारण ६० अंशांच्या वर गेले आहे, म्हणजे काहीतरी बिनसले आहे.

खोलण्याआधी

स्विच बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढा. थेट जोडणी असेल तर मेन बंद करून किटकॅट काढा आणि खिशात ठेवा. पावसाळ्यात लाईट जाते-येते. लाईट नाही म्हणून कोणी करवतीत हात घातला आणि स्विच चालूच राहिला होता, हा प्रकार ऐकायला वेडेपणाचा वाटतो, पण घडतो.

आपल्याकडे बऱ्याच शेडमध्ये रंधा आणि करवत एकाच शाफ्टवर असलेले मशीन असते. तिथे करवतीचे पाते काढले तरी रंध्याची पाती शाफ्टबरोबर फिरत राहतात. त्यामुळे ती आधी काढावीत, निदान जाड गोणपाट गुंडाळून बांधावीत. हाताने शाफ्ट फिरवताना बोट कापण्याची हीच जागा.

पात्याचा नट कोणत्या बाजूला सुटतो यावर नेहमी गोंधळ होतो. काही मशीनला उलटा आटा असतो, काहींना सुलटा. पण एक खूण सगळीकडे चालते. कापताना पाते ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो. ही रचना मुद्दाम केलेली असते, नाहीतर मशीन सुरू होताना बसणाऱ्या झटक्याने नट आपोआप सैल झाला असता. पाते धरून ठेवायला दातात लाकडाचा तुकडा अडकवा, लोखंड नको.

काहीही सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोणता वॉशर कुठे, पुलीची कोणती बाजू आत, बेअरिंगच्या मागे पातळ कडी होती की नाही. दोन तासांनी हे काहीच आठवत नाही.

नंबर काय सांगतो

बेअरिंगच्या कडीवर इंग्रजी आकड्यांत नंबर कोरलेला असतो. लहान करवतींत ६२०३, ६२०४, ६२०५ हे नंबर जास्त दिसतात. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणले की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये मिळते. ०४ म्हणजे २० मि.मी., ०५ म्हणजे २५. चारच्या खाली हा हिशेब चालत नाही : ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मि.मी. ६२०५ चे पूर्ण माप आत २५, बाहेर ५२ आणि जाडी १५ मि.मी. असते. नंबर घासून गेला असेल तर व्हर्नियरने ही तीन मापे घेतली की दुकानदार बरोबर बेअरिंग काढून देतो.

नंबरानंतरची अक्षरेही तेवढीच महत्त्वाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पत्र्याचे झाकण आतल्या कडीला टेकत नाही, बारीक फट राहते. भुशाच्या पिठासारख्या धुळीला आणि कोकणातल्या दमट हवेला तेवढी फट पुरते. करवतीच्या शाफ्टला म्हणून २आरएस घ्यावे. रबरी सीलमुळे वेगावर मर्यादा येते हे खरे, पण या मापाच्या बेअरिंगला ती मर्यादा करवतीच्या वेगापेक्षा बरीच वर असते.

सी३ लिहिलेले असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवलेली असते. मोटरचा आतला भाग तापतो आणि आतली कडी फुगते, म्हणून मोटरला बहुधा सी३ असते. जुन्यावर सी३ असेल तर नवेही तसेच घ्या. नसेल तर उगाच घेऊ नका.

बेअरिंग नेहमी जोडीने बदलावे. एक वाजत असले तरी दुसऱ्याने तीच धूळ, तेच पाणी आणि तेवढेच तास काढलेले असतात.

नकली मालही बाजारात आहे. भाव फारच कमी, खोक्यावरची छपाई पसरलेली, कडीवरचे आकडे वेडेवाकडे, असे काही दिसले तर सावध व्हावे. एसकेएफचे 'ऑथेंटिकेट' नावाचे मोबाईल ॲप आहे. त्यातून खोक्याचे आणि बेअरिंगचे फोटो कंपनीला पाठवून खात्री करता येते. नेहमीचे नंबर कणकवली, राजापूरला मिळून जातात. शाफ्टचे काम निघाले तर मात्र अनेकजण करूळ घाट चढून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगर गाठतात.

काढताना

पाते, वॉशर, बेल्ट, पुली या क्रमाने सुटे करा. पुलीच्या ग्रब स्क्रूखाली आणखी एक ग्रब स्क्रू असू शकतो, पहिला काढूनही पुली हलत नसेल तर आत डोकावा. हाऊसिंगमध्ये सर्क्लिप असेल तर सर्क्लिपच्या पक्कडनेच काढा. स्क्रूड्रायव्हरने उडवलेली सर्क्लिप डोळ्यात जाते.

शाफ्ट आणि बेअरिंग बाहेर आले की पुलर लावून बेअरिंग खेचायचे. पुलर शेजारच्या मोटार गॅरेजमध्ये मिळतो, दोन तासांसाठी कोणी नाही म्हणत नाही. पुलरचे पाय शक्यतो आतल्या कडीमागे लावावेत. जुने बेअरिंग फेकायचेच असले तरी शाफ्टला हातोडी मारू नये. मारलेल्या टोकाचा आटा बसतो आणि मग नट चढत नाही. जाम असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवा.

जुने बेअरिंग कापून बघा

हे काम जवळपास कोणी करत नाही, आणि सगळ्यात उपयोगाचे तेच आहे. जुने बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, सील उचकटा, बाहेरची कडी ग्राइंडरने कापून उघडा. चष्मा लावूनच, कारण ही कडी कडक पोलादाची असते आणि कापताना तुकडा उडतो. आत चार भाग असतात : आतली कडी, बाहेरची कडी, मधले छर्रे आणि छर्रे वेगळे ठेवणारा पिंजरा. छर्रे ज्या वाटेवरून पळतात ती वाट उजेडात धरून बघा.

वाटेवर छर्ऱ्यांच्या अंतराएवढ्या अंतरावर तांबूस-तपकिरी डाग दिसले तर आत पाणी बसले होते. मशीन बंद असताना प्रत्येक छर्रा जिथे उभा होता तिथे गंज धरला. आपल्याकडची ही नेहमीची तक्रार. तापलेले मशीन बंद केले की आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते. रोज थोडे थोडे पाणी जमते. त्यात करवत आठ-पंधरा दिवस बंद राहिली की झाले.

त्याच अंतरावर गंज नसून बारीक खळगे असतील, तर बेअरिंग बसवताना हातोडीचा मार छर्ऱ्यांमधून वाटेवर गेला आहे. असे बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजते. "नवाच हा, तरी आवाज करता" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा हेच निघते. मशीन टेम्पोत घालून साईटवर नेतानाही असे खळगे पडू शकतात. शाफ्ट उभा आणि रस्ता खडखडता, म्हणजे छर्रे एकाच जागी तासभर ठोके देत राहतात. आपल्या रस्त्यांबद्दल वेगळे सांगायला नको. नेण्याआधी शाफ्टला लाकडी पाचर मारून घट्ट करावे.

वाट सगळीकडे सारखी, पण चकाकी जाऊन मळकट झालेली असेल आणि ग्रीस काळ्या लेपासारखे झाले असेल तर धूळ गेली आहे. लाकडाचा भुसा ग्रीसमधले तेल शोषतो आणि मागे सुका लगदा उरतो. सागाच्या लाकडात तर सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. साग कापताना पात्याची धार लवकर जाते ती त्यामुळेच. इथे नुसते बेअरिंग बदलून भागत नाही. टेबलाखाली भुसा साठून शाफ्टपर्यंत ढीग येत असेल तर भुसा पडायला उतरता पत्रा लावावा लागतो.

कड्या निळसर किंवा काळपट झाल्या असतील तर बेअरिंग जळले आहे : ग्रीस संपले किंवा बेल्ट फार ताणला होता. पुलीकडचेच बेअरिंग दर वेळी आधी जात असेल तर संशय बेल्टवर घ्या. बेल्ट घसरतो म्हणून तो आणखी ताणायचा, ही सवय फार आहे. बेल्ट जुना होऊन त्याच्या बाजू गुळगुळीत झालेल्या असतात, तो कितीही ताणला तरी घसरणारच. नवा बेल्ट टाकायचे पैसे वाचतात आणि बेअरिंगला जातात.

शाफ्टने दगा दिलेला असेल तर

बेअरिंग निघाल्यावर शाफ्टवरची त्याची बैठक कापडाने पुसून बघा. ती आरशासारखी चकाकत असेल, किंवा गोल ओरखडे असतील, तर आतली कडी शाफ्टवर घट्ट बसलेली नव्हती, घसरून फिरत होती. नवे बेअरिंग नुसत्या हाताने सरकून सैल बसले तर बैठक झिजली आहे.

इथे गावठी इलाज ठरलेला : पंचने शाफ्टवर टिकल्या मारायच्या, म्हणजे तेवढा भाग फुगतो आणि बेअरिंग घट्ट बसते. बसते खरे, पण त्या टिकल्यांच्या टोकांवर. काही दिवसांत टोके चेपतात, बेअरिंग पुन्हा सैल होते, आणि मधल्या काळात पाते वाकडे फिरलेले असते. करवतीला हा इलाज करू नये. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळणे हाही त्याच जातीचा उपाय.

झीज अगदीच केसाएवढी असेल तर बेअरिंग धरून ठेवणारे लॉकटाईटसारखे द्रव मिळते, ते चालते. शाफ्ट आणि कडी दोन्ही तेलमुक्त पुसलेल्या असल्या पाहिजेत. त्याहून जास्त झीज असेल तर लेथवाल्याकडे जावे. वेल्डिंगने भरून पुन्हा मापाला उतरवता येते, पण वेल्डिंगने शाफ्ट वाकू शकतो. लहान शाफ्टला नवाच करून घेतलेला बरा. लेथवाल्याला नवे बेअरिंग सोबत नेऊन द्या, म्हणजे तो त्याच मापाला बैठक करतो.

बसवताना जोर कुठे द्यायचा

बाकी सगळे विसरले तरी हे विसरू नये. जी कडी घट्ट बसायची तिच्यावरच जोर द्यायचा. करवतीत शाफ्ट फिरतो, म्हणून आतली कडी शाफ्टवर घट्ट असते आणि बाहेरची कडी हाऊसिंगमध्ये हाताच्या दाबाने सरकते. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या कडीवर ठोकले की तो सगळा मार छर्ऱ्यांतून जातो, आणि वर सांगितलेले खळगे पडतात.

आतल्या कडीवरच टेकेल असा पाईपचा तुकडा घ्या. टोक सरळ कापलेले हवे. जुन्या बेअरिंगची आतली कडी ग्राइंडरने थोडी मोठी केली तर तीही चांगली चालते. पाईप सरळ धरून चारी बाजूंनी सारखे हलके ठोके द्यायचे. बेअरिंग तिरके गेले तर थांबा, काढा, पुन्हा सुरू करा. शेवटी खांद्यापर्यंत पोचले की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव येतो.

घरचा फ्रिज इथे कामाला येतो. शाफ्ट पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला तर २५ मि.मी. चा शाफ्ट एक शतांश मिलिमीटरच्या आसपास आकसतो. आकडा छोटा वाटतो, पण बेअरिंगची पकड तेवढ्याच मापाची असते. बेअरिंग सहज सरकते. फक्त आपल्या हवेत थंड शाफ्टवर लगेच पाणी सुटते, ते पुसून तेलाचा हात फिरवूनच बेअरिंग चढवा. गॅसच्या ज्योतीवर बेअरिंग तापवणे मात्र पूर्ण चूक. सील जळते, ग्रीस वितळते, पोलादाची कडकपणा जातो.

नवे बेअरिंग बसवायच्या क्षणापर्यंत कागदातून काढू नये. डिझेल-रॉकेलमध्ये धुऊ नये. सीलच्या बेअरिंगमध्ये कंपनीने मोजून ग्रीस भरलेले असते, वरून आणखी भरायचे नसते.

दोन बेअरिंगपैकी एकाच्या दोन्ही बाजू पक्क्या धरलेल्या असतात आणि दुसऱ्याला हाऊसिंगमध्ये किंचित सरकायला जागा ठेवलेली असते. शाफ्ट तापला की लांब होतो, एक फुटाच्या शाफ्टला ४० अंश वाढले तर केसाच्या जाडीएवढा. ती जागा "ढिली दिसते" म्हणून वॉशर टाकून भरली तर दोन्ही बेअरिंग एकमेकांवर दाबली जातात आणि जळतात. खोलताना काढलेले फोटो इथे उपयोगी पडतात.

पेडस्टलची करवत

गावात बनवून घेतलेल्या करवतींत बहुधा लोखंडी चॅनेलवर बोल्टने आवळलेली पेडस्टल बेअरिंग असतात. यूसीपी २०५ म्हणजे २५ मि.मी. शाफ्टचे. यात बदलणे आणखी सोपे. पेडस्टल फुटलेले नसेल तर आतले यूसी २०५ एवढेच नवे घेता येते. जुने बेअरिंग पेडस्टलमध्ये आडवे वळवायचे, पूर्ण काटकोनात आले की पेडस्टलला दोन खाचा दिसतात, तिथून ते सरळ बाहेर येते. नवे त्याच वाटेने आत.

या बेअरिंगची बाहेरची बाजू चेंडूसारखी गोलाकार असते, म्हणून ते पेडस्टलमध्ये थोडे इकडे-तिकडे वळून शाफ्टच्या रेषेत येते. शाफ्टची रेषा बिघडण्याची डोकेदुखी जुनीच आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कापड गिरणीत जमीन खचून शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग सारखी जायची. तिथल्या देखभालीवरच्या स्वेन विंगक्विस्ट या इंजिनिअरने १९०७ मध्ये आपोआप रेषेत येणारे बेअरिंग काढले, आणि त्यातूनच एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. विंगक्विस्टचे बेअरिंग चालतानाही जुळवून घेते. पेडस्टलचे मात्र बसवतानाच काय ते वळते. पुढे चिऱ्याच्या जमिनीवर ठेवलेल्या मशीनचा एक पाय खचला तर त्याचा भार बेअरिंगवरच येतो.

पेडस्टलवाल्यांनी तीन गोष्टी जपाव्यात. ग्रब स्क्रूने शाफ्टवर उमटलेला जुना खड्डा आणि त्याची वर आलेली कड कानशीने सपाट करा, नाहीतर नवे बेअरिंग तिथेच अडते. आधी पायाचे बोल्ट हलके लावा, शाफ्ट हाताने फिरवत दोन्हीकडचे थोडे थोडे आवळा, आणि ग्रब स्क्रू सगळ्यात शेवटी. ग्रीस निपलमधून लिथियम ग्रीसचे दोन-तीन पंप पुरे. जास्त ग्रीस म्हणजे जास्त आयुष्य, हा समज चुकीचा आहे. ठासून भरले की ग्रीसच घुसळले जाऊन तापते आणि सील बाहेर ढकलते.

पाते न लावता चालवा

पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोरी ताणून बघा, दोरी दोन्ही पुल्यांच्या कडांना पूर्ण टेकली पाहिजे. दोन पुल्यांमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण ८ मि.मी. खाली जावा.

पहिली दहा मिनिटे पाते न लावता चालवा. सैल बाह्या, गळ्यातला टॉवेल बाजूला. मशीन थांबवून हाऊसिंगला हात लावा, ग्रब स्क्रू पुन्हा एकदा आवळा. मग पाते लावा. एका दाताला खडूची खूण करा, टेबलावर एक लाकडी पट्टी पक्की धरून तिचे टोक त्या दाताजवळ आणा, आणि पट्टी न हलवता पाते हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघा. पाते पट्टीला एका जागी लागते आणि दुसऱ्या जागी फट पडते, असे झाले तर वॉशरखाली भुसा किंवा गंज अडकला आहे का बघा. नवे बेअरिंग घालूनही पाते डोलण्याचे हे नेहमीचे आणि फुकटात सुटणारे कारण. स्विच दाबताना पात्याच्या रेषेत उभे राहू नका. काम करताना काढून ठेवलेले गार्ड आणि पात्यामागची फाळ, म्हणजे फट मिटू न देणारी पट्टी, परत बसवा. ती कोपऱ्यात टांगून ठेवण्यासाठी दिलेली नसते.

पुराचे पाणी शेडमध्ये शिरले तर

शुक नदीला पूर आला की खारेपाटणच्या बाजारपेठेत आणि नदीकाठच्या भागात पाणी येते, हे इथल्यांना सांगायला नको. पाण्यात बुडालेली करवत पाणी ओसरल्यावर "चालते का बघू" म्हणून लगेच सुरू करू नये. मोटर आधी वायरमनकडून तपासून, सुकवून घ्यावी. बेअरिंग सीलची असली तरी बुडालेली बेअरिंग बदलायचीच असे धरून चालावे. सील धूळ रोखते, तासन्‌तास बुडून राहिल्यावर गढूळ पाणी रोखत नाही. पेडस्टलमध्ये ताजे ग्रीस दाबून जुने ग्रीस चिखलासकट बाहेर काढता येते, पण ते त्या आठवड्याचे काम उरकण्यापुरते.

पाऊस वाढायच्या आधी मोटर उंचावर हलवणे सगळ्यात स्वस्त. चार बोल्ट आणि एक बेल्ट, अर्ध्या तासाचे काम. आणि ज्यांची करवत पावसात बंदच असते त्यांनी आठवड्यातून एकदा, प्लग काढून, शाफ्ट हाताने दहा-पंधरा फेरे फिरवावा, म्हणजे छर्रे एकाच जागी बसून गंज धरत नाहीत. हाऊसिंगवर ऑइल पेंटने बेअरिंगचा नंबर आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवली तर पुढच्या वेळी नंबर शोधत बसावे लागत नाही. हेच नंबर आणि हीच पद्धत भात गिरणीला आणि शेतपंपाच्या मोटरलाही चालते, फक्त तिथे भुशाच्या जागी कोंडा किंवा पाणी असते.